ठाणे-नवी मुंबईहून गोवा: तारखा ठरवण्याची रीत

गोव्याला केव्हा जावे, असे विचारले की बहुतेकांकडून ठरलेले उत्तर मिळते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही नाताळापासून नववर्षापर्यंतचा आठवडा. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते मुळात कोणासाठी तयार झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांच्या गावी डिसेंबरात बर्फ पडतो किंवा दिवसचे दिवस धुके हटत नाही, अशा युरोपातील आणि उत्तर भारतातील पाहुण्यांना कोवळे ऊन हवे असते, आणि गोव्याचा ‘सीझन’ त्यांच्या गरजेवर बेतलेला आहे. ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या माणसाची गरज निराळी असते. त्याच्या दारात ऊन बारा महिने असते, दमट हवा त्याला नवी नसते आणि खाडी तर तो कळव्याच्या नाहीतर वाशीच्या पुलावरून रोज ओलांडतो. त्याला हवे असते ते उतरण्याजोगे स्वच्छ पाणी, घामाच्या धारांविना चार दिवस, परवडणारी खोली आणि मुख्य म्हणजे जाण्यायेण्याचे पक्के तिकीट. या चारही गोष्टी वर्षातील कोणत्या आठवड्यांत जुळून येतात, ते स्वतःच्या स्वतः शोधता यावे, यासाठी पहिल्यांदाच बेत आखणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी रीत येथे क्रमाने दिली आहे.

पहिली पायरी: जायचे कशासाठी, ते एका वाक्यात लिहावे

ही पायरी पोरकट वाटेल, पण घरातील वाद येथेच मिटतात. मुलांना पाण्यात खेळायचे असते, आजी-आजोबांना मंगेशी आणि शांतादुर्गेचे दर्शन हवे असते, कोणाला मासे खायचे असतात आणि कोणाला खिडकीत बसून नुसता पाऊस पाहायचा असतो. या चारांचे हंगाम वेगवेगळे आहेत. देवदर्शन आणि जुन्या गोव्यातील चर्च बारमाही आहेत. समुद्रस्नान, होडीची सफर आणि किनाऱ्यावरचे शॅक (खाण्यापिण्याचे तात्पुरते मांडव) तसे नाहीत. ज्या एका गोष्टीसाठी आपण खर्च करणार आहोत तिला पहिले स्थान द्यावे आणि बाकीच्या पदरात पडल्या तर बोनस मानाव्यात.

दुसरी पायरी: तापमान बाजूला ठेवून पाऊस आणि दमटपणा पाहावा

मोबाइलवर हवामान उघडले की प्रथम डोळ्यांत भरतो तो तापमानाचा आकडा, आणि गोव्याच्या बाबतीत तोच सर्वांत निरुपयोगी ठरतो. पणजीतील दुपारचे सरासरी कमाल तापमान वर्षभरात साधारण २९ ते ३३ अंशांच्या पट्ट्यातच फिरते. गंमत अशी की दुपार सर्वांत थंड असते ती जानेवारीत नव्हे, तर जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत. जानेवारीत फरक पडतो तो रात्रीचा, कारण तेव्हा पारा २० अंशांच्या आसपास उतरतो आणि हवा कोरडी असते. म्हणून ३२ अंशांची जानेवारीतील दुपार सोसवते आणि ३३ अंशांची मे महिन्यातील दुपार अंगातून पाणी काढते. एका अंशाच्या फरकाने हे घडत नाही. हवेतील बाष्पाने घडते. ठाण्यात ऑक्टोबरचा उकाडा काढलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पावसाचा हिशेब मात्र नीट मांडावा लागतो. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील सुमारे नऊ-दशांश वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असतो. जुलै सर्वांत ओला. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात १ जूनच्या सुमारास पोहोचतात, गोव्यात त्यानंतर आठवडाभरात आणि मुंबईत ११ जूनच्या आसपास, असे वेळापत्रक गृहीत धरले जाते. थोडक्यात, आपल्याकडे पाऊस सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी गोवा भिजलेला असतो. ‘आपल्याकडे अजून कोरडे आहे, तोवर जाऊन येऊ’ हा जूनच्या पहिल्या आठवड्यातील हिशेब नेमका येथे फसतो. शिवाय वेळापत्रक ही सरासरी आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला आणि मे अखेरीचे कित्येकांचे बेत पाण्यात गेले. त्यामुळे २० मेनंतरची तारीख पावसाळ्यातीलच समजावी, मग पंचांग काहीही म्हणो.

पाऊस परततो त्या बाजूला वेगळी गोष्ट आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस उघडझाप करतो, डोंगर हिरवेगार असतात, ओढे वाहते असतात आणि खोल्या रिकाम्या असतात. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट करून येणाऱ्या सरी असतात, आणि दिवसा उकाडा जाणवतो. हवा खऱ्या अर्थाने कोरडी होते ती नोव्हेंबरच्या मध्यावर.

याच हिशेबाने पूर्व किनारा ठरवण्याची चूक मात्र करू नये. पुदुच्चेरीला जाणारे अनेक मराठी पर्यटक दिवाळीच्या सुट्टीत निघतात, कारण आपल्याकडे तेव्हा पाऊस संपलेला असतो. तिकडे तो तेव्हाच सुरू होतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा असतो आणि नोव्हेंबर सर्वांत वाईट. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा त्या शहरात चोवीस तासांत ४५ सेंटिमीटरांहून अधिक पाऊस झाला. म्हणजे गोव्यासाठी उत्तम असलेला महिना तिकडे टाळण्याचा ठरतो. तिकडे जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतच्या तारखा पाहाव्यात.

तिसरी पायरी: समुद्राचे स्वतःचे कॅलेंडर वाचावे

आकाश निरभ्र असले म्हणजे समुद्र शांत असतो, हा सर्वसाधारण समज आहे. मे महिन्याचा उत्तरार्ध तो खोटा पाडतो. माझी स्वतःची पहिली सहल तिसऱ्या आठवड्यात ठरली होती. ऊन लख्ख होते, खोली किनाऱ्यापासून शंभर पावलांवर होती, आणि समोर लाल बावटा. तीन दिवसांत घोट्यापलीकडे पाण्यात जाता आले नाही. शॅकवाले छपराच्या झावळ्या उतरवून बांबू मोजत होते, कारण पावसाळ्यापूर्वी हे मांडव काढून घ्यावे लागतात. वाळूत चालताना तळव्यांना काळे गोळे चिकटत. खोल समुद्रात जहाजांतून सांडलेल्या तेलाचे हे डांबरगोळे पावसाळ्याच्या तोंडावर वारा किनाऱ्याकडे वळला की गोव्याच्या वाळूत येऊन पडतात. संध्याकाळी सारे कुटुंब खोबरेल तेल लावून पाय पुसत बसले होते, हीच त्या सहलीची ठळक आठवण.

कारण सरळ आहे. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्येचे वारे जोर धरू लागतात, दूर अरबी समुद्रात उठलेल्या लाटा पावसाच्या कितीतरी आधी किनाऱ्याला येऊन भिडतात आणि परत जाणारे पाणी वाळूत घळी पाडून वेगाने आत खेचते. चक्रीवादळांचा काळही हाच आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले, तर ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, हे आपल्या भागातील लोक विसरलेले नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यातील जलक्रीडा बंद असतात आणि पोहण्यास मनाई असते. तेव्हा समुद्र पाहण्याचा असतो, उतरण्याचा नव्हे. जीवरक्षक लाल-पिवळे बावटे लावतात ती जागा पोहण्यासाठी राखलेली असते आणि नुसता लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरू नये, एवढी खूण मुलांना गाडीत बसल्यापासून शिकवावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात समुद्र शांत असतो, आणि त्यातही सकाळी. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे लाटा दाबून धरतात. दुपारनंतर खारे वारे उलट दिशेने सुटले की पाण्यावर लाटा उठतात. म्हणून डॉल्फिन पाहण्याची होडी असो वा मुलांचे डुंबणे, दोन्ही सकाळी दहाच्या आत उरकावे आणि दुपार जेवणासाठी व झोपेसाठी ठेवावी. पाणी फार गार असेल, ही भीती व्यर्थ आहे; भर थंडीतही गोव्याच्या समुद्राचे तापमान २७ अंशांच्या आसपास असते.

भरती-ओहोटीचा विचारही येथेच करावा, पण बेताने. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पाच मीटरांपर्यंत चढउतार करते, म्हणून आपल्याला ऐरोलीच्या खाडीत ओहोटीला मैलभर चिखल आणि त्यात रोहित पक्षी दिसतात. गोव्यात हा चढउतार जेमतेम दोन मीटरांचा असल्यामुळे किनारा पार कोरडा पडत नाही. तरीही लहान मुले बरोबर असतील, तर उधाणाचे दोन-तीन दिवस वगळून अष्टमीच्या आसपासचे भांगाचे (लहान भरतीचे) दिवस घेणे शहाणपणाचे आहे, कारण तेव्हा ओढ कमी असते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ कळते, हा आपल्या कोळीवाड्यांतला जुना आडाखा आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या पाण्याचा आहे. गोव्यात भरती त्याआधी येते, तेव्हा नेमकी वेळ छापील कोष्टकातूनच घ्यावी.

चौथी पायरी: ताटाचा विचार

ज्यांना मासे खायचे नाहीत त्यांनी ही पायरी गाळावी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आहे. त्या दिवसांत फिश थाळी मिळते, पण तिच्यातला सुरमईचा तुकडा बर्फातला असण्याचीच शक्यता अधिक, आणि दरही चढे असतात. सुकी मासळी, तिसऱ्या आणि नदी-खाडीतले मासे खाणाऱ्याचे मात्र तेव्हाही काही बिघडत नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी नियमित समुद्रात जाऊ लागतात, तोवर आपल्याकडे श्रावण चाललेला असतो. त्यामुळे खवय्यांचा खरा हंगाम गणपती गेल्यावर उघडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात ताजा बांगडा भरपूर असतो, आणि किनाऱ्यावर पहाटे रापण (मोठे जाळे) ओढताना पाहायला मिळाली तर तेथेच उभे राहून मासळी घेणाऱ्या स्थानिक बायकांच्या मागे लागून भाव समजून घ्यावा.

पाचवी पायरी: सुट्ट्या खोडून काढाव्यात

घरातील भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून, पेन्सिल घेऊन बसावे आणि जे दिवस टाळायचे ते आधी खोडावेत. उरतील त्यांतून निवडणे सोपे जाते. २० डिसेंबर ते २ जानेवारी हा पट्टा प्रथम खोडावा. या दोन आठवड्यांत गोव्याची हवा जशी असते तशीच जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातही असते. फरक असतो तो केवळ खोलीच्या भाड्यात, कळंगुटच्या रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत आणि जेवणाच्या टेबलासाठी ताटकळण्यात. जिला नववर्षाचा जल्लोषच हवा आहे त्या तरुण मंडळींची गोष्ट वेगळी. कुटुंब घेऊन जाणाऱ्याने हा खर्च का करावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

त्यानंतर जोडून येणाऱ्या सुट्ट्या पाहाव्यात. २६ जानेवारी, महाशिवरात्र किंवा गुड फ्रायडे शनिवार-रविवारला चिकटून आले, की मुंबई, पुणे आणि बेंगळुरू ही तिन्ही शहरे एकाच वेळी गोव्याच्या वाटेला लागतात. दिवाळीत पाडवा-भाऊबीज आटोपून निघणारे आपण एकटे नसतो. गुजरातमधील दुकाने तेव्हा बंद असतात आणि तिकडील मंडळीही त्याच आठवड्यात येतात. पणजीत राहायचे असेल तर २० ते २८ नोव्हेंबरच्या सुमाराकडे लक्ष ठेवावे, कारण भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून तेथे भरतो आणि शहरातील चांगल्या खोल्या आधीच गेलेल्या असतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त असते. कार्निव्हल बहुधा फेब्रुवारीत, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तोंडावर चार दिवस चालतो. ज्यांना चित्ररथ पाहायचे त्यांनी तो मुद्दाम धरावा, ज्यांना शांतता हवी त्यांनी तो चुकवावा.

गणेशोत्सवाचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण तेव्हा अडचण गोव्यात नसून वाटेत असते. चाकरमान्यांचा सारा लोंढा कोकणात उतरतो, दिवा-सावंतवाडी गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि पळस्पे फाट्यापासून माणगावपर्यंत गाड्यांच्या रांगा लागतात. चतुर्थीच्या आधीचे चार दिवस कोकणाकडे जाणे आणि गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतरचे चार दिवस कोकणातून येणे, हे ज्याचे गाव तिकडे आहे त्यानेच करावे. अधिक महिना आला की या तारखा जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकतात, हेही लक्षात ठेवावे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. म्हणजे ‘सप्टेंबरचा मध्य निवांत असतो’ हा एका वर्षीचा अनुभव पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाही. शिमग्यालाही कोकणात गर्दी असते, पण तिचा ताण दोन-तीन दिवसांपुरताच असतो.

सहावी पायरी: तिकिटावरून मागे मोजावे

तारीख आवडली आणि तिकीट नाही, हा अनुभव टाळायचा असेल तर ही पायरी पाचवीच्या आधीही करता येईल. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अजूनही अनेक ज्येष्ठ मंडळी चार महिन्यांचाच हिशेब धरतात. २० जानेवारीला निघायचे असेल तर २१ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता तयार असले पाहिजे. परतीचे तिकीट त्याच्या स्वतःच्या तारखेपासून ६० दिवस आधी उघडते, म्हणून चार दिवसांच्या सहलीसाठी दोन वेगवेगळ्या सकाळी जागे राहावे लागते. पहिल्या दिवशी जाण्याचे तिकीट काढून परतीचे ‘नंतर बघू’ म्हणणारे हमखास प्रतीक्षा यादीत अडकतात, कारण गोव्याहून रविवारी निघणाऱ्या गाड्या जाण्याच्या गाड्यांपेक्षा लवकर भरतात.

ठाणे आणि पनवेल या दोन्ही स्थानकांवर कोकण रेल्वेच्या महत्त्वाच्या गाड्या थांबतात: दिवसा मांडवी, जनशताब्दी आणि २७ जून २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत, तर रात्री कोकणकन्या. बेलापूर, खारघर किंवा कामोठ्याच्या माणसाने ठाण्याला उलटे येण्याचे कारण नाही. उतरायचे कोठे, हे मुक्कामावर ठरवावे: उत्तर गोव्यासाठी थिवी, पणजीसाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव. सवयीने सगळेच मडगावचे तिकीट काढतात आणि मग टॅक्सीला तेवढेच पैसे परत मोजतात. दूधसागर धबधबा या मार्गावर लागत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. तो कुळे आणि कॅसलरॉकदरम्यानच्या दुसऱ्या लोहमार्गावर आहे आणि तेथे जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात.

पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने चालते. दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, सुटण्याच्या वेळा बदलतात आणि वंदे भारतच्या आठवड्यातील फेऱ्या कमी होतात. हे वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आवरते घेण्यात आले. एवढे करूनही निसर्ग आपले म्हणणे मांडतोच: जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरल्याने वाहतूक ठप्प झाली होती. म्हणून पावसाळ्यात गोव्याला जाणाऱ्याने परतीचा दिवस आणि कामावर रुजू होण्याचा दिवस यांच्यामध्ये एक कोरा दिवस राखावा.

रस्त्याने पनवेलहून पणजी साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातील वळणे टळली असली, तरी महामार्गाचे सर्वच टप्पे सारखे नाहीत, आणि पावसात रात्री हा रस्ता चालवणे मी तरी टाळतो. विमानाने जाणाऱ्या नवी मुंबईकरांची मोठी सोय २५ डिसेंबर २०२५ पासून झाली आहे, कारण त्या दिवशी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तिकीट काढताना गोव्यात दोन विमानतळ आहेत हे विसरू नये: मोपा उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात आणि दाबोळी दक्षिणेकडे. दक्षिण टोकाच्या पाळोळ्याला मुक्काम ठरवून मोप्याला उतरणाऱ्यांचा अर्धा दिवस रस्त्यात जातो.

सातवी पायरी: उरलेल्या आठवड्यांतून आपला निवडावा

एवढे खोडल्यावर हाती जे राहते त्यात पहिल्या सहलीसाठी माझे मत निःसंदिग्धपणे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या सोमवार ते गुरुवार या दिवसांना आहे. समुद्र शांत, हवा कोरडी, शॅक उभे, होड्या चालू, मासे ताजे, आणि नाताळची भाडी उतरलेली. जानेवारीच्या शेवटी सूर्यास्तही थोडा उशिरा होतो, त्यामुळे डिसेंबराप्रमाणे सहा वाजताच दिवस संपल्यासारखे वाटत नाही. अडचण एकच, ती म्हणजे शाळा. दहावी-बारावीचे विद्यार्थी घरात असतील तर हा काळ मुळीच शक्य नाही. लहान मुले असतील, तर चार दिवसांची रजा वर्गशिक्षकांशी बोलून घेणे हा मार्ग मी सुचवीन, पण तो प्रत्येक पालकाला रुचेल असे नाही.

शाळेच्या सुट्टीतच जाणे भाग असेल तर दिवाळी आणि उन्हाळा हे दोन पर्याय राहतात. दिवाळी नोव्हेंबरात येणाऱ्या वर्षी तो पर्याय उत्तम असतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीजेनंतर निघाल्यास कोरडी हवा लागते. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, तर मात्र उकाडा, संध्याकाळच्या सरी आणि अर्धवट उभे राहिलेले शॅक असे तिहेरी संकट असते. उन्हाळ्यात जायचे तर परीक्षा संपताच, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात जावे. दुपारी बाहेर पडता येत नाही, पण पाणी अजून बिघडलेले नसते आणि मानकुराद आंबा बाजारात असतो. आपल्या हापूसशी त्याची तुलना गोंयकारासमोर न केलेली बरी.

ज्येष्ठ नागरिकांनी नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य हा काळ पाहावा, चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीऐवजी फोंड्याच्या बाजूला राहावे, आणि देवळे सकाळी व चर्च दुपारी असा क्रम ठेवावा.

पाऊसच पाहायचा आहे अशांनी ऑगस्टचा उत्तरार्ध धरावा. जुलैचा कोसळता पाऊस ठाण्यातही असतो, त्यासाठी इतक्या लांब जाण्याचे प्रयोजन नाही. ऑगस्टच्या शेवटी मात्र सरींमध्ये ऊन पडते, मांडवी नदीच्या पलीकडे दिवार बेटावरची भातशेती पोपटी असते आणि फेरीबोटीतून तेथवर जाण्याला गर्दी नसते. गणेश चतुर्थी ऑगस्टअखेर येणाऱ्या वर्षी हाच बेत जन्माष्टमीच्या आसपास आणावा.

आठवी पायरी: निघण्यापूर्वीचे तीन दिवस

तिकीट आणि खोली पक्की झाल्यावरही शेवटची पडताळणी बाकी असते. निघण्याच्या तीन दिवस आधी भारतीय हवामान विभागाच्या पणजी केंद्राचा अंदाज पाहावा आणि त्यातील मच्छीमारांसाठीचा इशारा आवर्जून वाचावा. पर्यटकांसाठीच्या अंदाजात ‘अंशतः ढगाळ’ एवढेच असते. मच्छीमारांच्या इशाऱ्यात वाऱ्याचा वेग आणि समुद्र खवळलेला आहे की नाही, हे सांगितलेले असते. उंच लाटांचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते, आणि तो निरभ्र आकाशाच्या दिवशीही लागू असू शकतो. असा इशारा असेल तर सहल रद्द करण्याची गरज नसते. होडीचे पैसे आधी भरू नयेत आणि तो दिवस आग्वादचा किल्ला, जुना गोवा किंवा फोंड्याच्या मसाल्याच्या बागांसाठी ठेवावा.

खोलीच्या मालकाला त्याच दिवशी फोन करून समोरचा किनारा पोहण्यासाठी खुला आहे का आणि जवळचे शॅक सुरू झाले आहेत का, हे दोन प्रश्न विचारावेत. संकेतस्थळावरील छायाचित्र जानेवारीतले असते, हे गृहीत धरावे.